स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० रोजच्या वापराला चालेल का, की २.० टीएसआयच बरी?

बाणेर_बायपास

नमस्कार मंडळी,

जुनी पण दमदार सेडान शोधतोय. घरातली एकमेव गाडी तीच असणार. वापर असा: बाणेर ते हिंजवडी फेज ३, आठवड्यातले चार-पाच दिवस, त्यातला निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत. महिन्यातून एखादी कोल्हापूर फेरी. मागच्या सीटवर आई-बाबा आणि सात वर्षांचा मुलगा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार हा आमच्याकडे खरा मुद्दा आहे. सोसायटीचं पार्किंग तळघरात आणि त्याचा उतार चांगलाच उभा.

बजेट २० लाख. गाडी, ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि घेतल्या घेतल्या करावी लागणारी कामं, सगळं त्यातच. डोक्यात तीन गाड्या आहेत:

– ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७-१८
– ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक, २०१८-१९
– ऑक्टाव्हिया २.० टीएसआय, २०२१-२२ (ही ताणून बसते)

एक मित्र बीएमडब्ल्यू ३३०आय घे म्हणून मागे लागलाय, ते वेगळंच.

डीएसजी (ह्या गाड्यांचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅफिकमध्ये टिकतो का? आरएस खाली किती घासते? गाडी बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? आणि २० लाखांतले किती हाताशी ठेवायचे? एसयूव्ही सुचवू नका, ही नम्र विनंती.

पाना_तेरा

दादा, डीएसजी हा काही एकच गिअरबॉक्स नाही. बहुतेकांची गल्लत तिथेच होते. तुमच्या यादीतल्या तीन गाड्यांत तीन वेगवेगळे गिअरबॉक्स आहेत, आणि तुमचा वापर बघता निवड इंजिनावरून न करता त्यावरूनच करायला हवी.

१.८ टीएसआयमध्ये सात गिअरचा डीक्यू२०० आहे. ह्याचे दोन्ही क्लच कोरडे. गाडी १८० पीएसची, पण टॉर्क २५० एनएमवरच अडवलेला, कारण ह्या गिअरबॉक्सची झेप तेवढीच. हेच इंजिन स्कोडाच्याच सुपर्बमध्ये मॅन्युअल गिअरबरोबर ३२० एनएम द्यायचं, त्यावरून काय ते समजा. हिंजवडीच्या रांगेत गाडी माणसाच्या चालीने सरकते तेव्हा क्लच अर्धवट पकडलेला राहतो. कोरड्या क्लचमध्ये ती उष्णता वाहून न्यायला तेल नाही. प्लेटचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते. दुसरं दुखणं मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटचं. आतल्या अ‍ॅक्युम्युलेटरच्या बैठकीपाशी अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला तडा जातो, तेल झिरपतं, दाब टिकत नाही आणि पंप सारखा चालू राहतो. स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड दिसला की समजायचं. डॅशबोर्डवर पाना लुकलुकतो, सम किंवा विषम गिअर गायब होतात, नाहीतर गाडी भर चौकात न्यूट्रलमध्ये जाते. चांगली गॅरेजं हल्ली नुसती बॉडी किंवा अ‍ॅक्युम्युलेटर बदलून देतात, पण अख्खं युनिट नवं घ्यायची वेळ आली तर बिल बघून घाम फुटतो.

आरएस २३० मध्ये २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० एनएम आणि सहा गिअरचा डीक्यू२५०. ह्याचे क्लच तेलात बुडालेले. उष्णतेचा प्रश्न पुष्कळ कमी, पण तेलाची निगा राखावी लागते. दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर, दोन्ही. मेकॅट्रॉनिकही त्याच तेलात असतो, त्यामुळे तेल मळलं की सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकायला लागतात आणि गिअर उतरताना झटके बसतात.

२०२१ च्या २.० मध्ये १९० पीएस, ३२० एनएम आणि सात गिअरचा डीक्यू३८१. हाही ओल्या क्लचचा, डीक्यू२५० पेक्षा नवा आणि रांगताना जास्त मऊ. २०२० ची आरएस २४५ ह्याच गिअरबॉक्सवर आहे, पण भारतात त्या २०० च आल्या, नव्या असतानाच ३६ लाखांच्या. तिला यादीत धरूच नका.

चालवण्याबद्दल एक. पुढची गाडी फूटभर सरकली की आपणही फूटभर सरकायचं, ही सवय सोडा. गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम जा. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, अर्धवट दाबलात तर तो घासत राहतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं हा तर ह्या गिअरबॉक्सवर सरळ अत्याचार आहे.

माझं मत: तुमच्या वापराला २०२१ ची २.०. आरएसची खरंच हौस असेल आणि गाडी जशीच्या तशी राखलेली मिळाली, तर आरएस. १.८ टीएसआय फक्त तेव्हा, जेव्हा क्लच आणि मेकॅट्रॉनिकचं काम झाल्याचं बिल समोर ठेवलं जाईल. आणि हो, १.८ वर रीमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) झालेला असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

कोल्ड_स्टार्ट

पाना_तेरांशी सहमत. तपासणीचं मी लिहितो. आरएस आणि २.० एकाच घराण्यातल्या इंजिनांवर असल्याने बरंचसं दोघींना लागू पडेल.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की स्टार्ट करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, त्यात संकोच नको. गार इंजिन सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद पुढून चेनचा खडखडाट येतो का ते ऐका. जुन्या लॉरा-सुपर्बच्या १.८ मध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर हे मोठं दुखणं होतं. ह्या पिढीत ते बरंच सुधारलंय, पण आवाज आला तर सोडून द्या.

मग कूलंट. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात बसवलेले आहेत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या अंगाला. ते घर गळणं हा ह्या इंजिनाचा ठरलेला आजार. टाकीतली पातळी खुणेच्या खाली आहे का बघा, टॉर्च मारून गिअरबॉक्सच्या माथ्यावर गुलाबी पापुद्रा सुकलेला दिसतो का बघा. टाकीत हिरवं किंवा निळं कूलंट दिसलं तर कुणीतरी बाहेर टॉप-अप केलंय आणि गळती लपवली जातेय, असंच धरून चाला. हे काम करायचं तर पंपाचा छोटा बेल्ट आणि सीलही त्याच वेळी बदलून घ्या. मजुरी दोनदा कशाला भरायची?

इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडा. थोडा ओढा लागतो, ते ठीक. पण झाकण घट्ट खेचून धरलं गेलं, किंवा शीळ वाजत होती आणि झाकण काढताच थांबली, तर पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा फाटलाय. भाग फार महाग नाही, इंजिनावर वरच बसतो, पण तसाच चालवला तर इंजिन तेल पितं आणि आयडल हलतं. तेलाच्या खर्चाबद्दल मालकाला आडून विचारा, “मधे किती टॉप-अप लागतं?” ह्या इंजिनात साधारण साडेपाच लिटरच्या वर तेल बसतं. १५,००० किमीचं कंपनीचं वेळापत्रक कागदावर ठीक आहे. तासन्तास ट्रॅफिकमध्ये राहणाऱ्या टर्बोला साडेसात ते दहा हजारांवर तेल मिळालेलं बरं. ज्याने मधेही तेल बदलल्याची बिलं जपलीत, त्याला दहा-वीस हजार जास्त द्यायला हरकत नाही.

गाडी चालवताना रेडिओ आणि एसी बंद, काच खाली. सुरुवात रिव्हर्सने. चढावर, फक्त ब्रेक सोडून, हळू मागे. थरथर, धक्का किंवा “टक” आवाज तिथे आधी कळतो. मग डी मध्ये पाय न लावता दोन मिनिटं रांगू द्या, दुसऱ्यावरून पहिल्यावर उतरताना लक्ष ठेवा. मोकळा रस्ता मिळाला की मॅन्युअल मोडला चौथा गिअर, २,००० आरपीएम, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. काटा चढतोय पण गाडी त्या मानाने सरकत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. शेवटी न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन बंद करताना खणखण ऐकू आली तर फ्लायव्हील गेलंय, आणि ते काढायचं म्हणजे गिअरबॉक्स खाली आला.

सस्पेन्शनसाठी स्पीडब्रेकरपेक्षा रंबलर बरा. २० च्या वेगाने एका बाजूची चाकं त्यावरून न्या, मग दुसऱ्या बाजूची. हलकी टकटक म्हणजे लिंक रॉड, ते स्वस्तात होतं. धप्प आवाज म्हणजे बहुधा लोअर आर्मचे बुश किंवा वरचं माउंटिंग. स्टिअरिंग उभ्या जागी वळवताना करकर आली तर स्ट्रटचं बेअरिंग.

बॉडीचं थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्या गाड्यांना सारखंच: फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, काचांवरची साल, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ. ही शेवटची खूण विसरू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडच्या पुष्कळ गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या वरून चकाचक होतात. सीटच्या रुळावरचा गंज आणि गालिच्याखालचा स्पंज मात्र खोटं बोलत नाहीत.

मेकॅनिक बरोबर असेल तरी स्कॅनर आणायला सांगा. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन, काहीही चालेल. नुसते कोड वाचून थांबू नका. जुन्या कोडबरोबर तो कुठल्या किलोमीटरला आला ह्याची नोंद असते. मीटरवर ५२,००० आणि गिअरबॉक्समधला कोड ८१,००० ला आलेला, असं दिसलं तर पुढे बोलायचं काही राहिलंच नाही. आणि विकणाऱ्याने आदल्या दिवशीच सगळे कोड पुसलेत का, हेही कळतं: इंजिनाच्या रेडिनेस चाचण्या अपूर्ण दिसतात.

बाणेर_बायपास

दोघांचेही मनापासून आभार. सध्या दोन गाड्या समोर आहेत.

अ) आरएस २३०, २०१८, एमएच १४, ६४,००० किमी, दुसरा मालक. “स्टेज १ होता, काढून स्टॉक केलाय” असं मालक स्वतःच म्हणाला (स्टेज १ म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप, स्टॉक म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर). डीएसजी तेलाची नोंद सापडत नाही.

ब) २.० टीएसआय, २०२१, दिल्ली पासिंग, ४०,००० किमी. इकडच्या सारख्याच गाडीपेक्षा बरीच स्वस्त. डीलर म्हणतो “एनओसी आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त टॅक्स भरा”.

स्टॉक_मॅप

अ) बद्दल. मालकाने स्वतःहून सांगितलं ही जमेची बाजू. पण “स्टॉक केलाय” ह्याचा अर्थ एवढाच की सॉफ्टवेअर मागे नेलं. मधल्या काळात क्लच, टर्बो आणि प्लगने जे सोसलं ते मागे जात नाही. हे इंजिन स्टेज १ वर सहज ३०० पीएसच्या आसपास जातं, त्यामुळे मोह मोठा, आणि ज्याने तो केला त्याने तो वापरलाही असणारच.

त्याला विचारायचे प्रश्न असे. किती किलोमीटर रीमॅपवर फिरली? कुठल्या पेट्रोलवर? प्लग कधी बदलले? डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) मूळचा आहे का? डाउनपाइप बदलून कॅटॅलिस्ट काढलेला असेल तर गाडीखाली जाऊन स्वतः बघा, सेन्सरला मधे एखादा स्पेसर लावलेला दिसेल. मूळचा पाइप ठेवलाय का, हेही विचारा. नसेल तर तेवढे पैसे किमतीतून वजा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन टीडी१ नोंद आहे का ते बघायला सांगा. रीमॅप पकडला गेलेल्या गाडीवर ती नोंद पडते आणि सॉफ्टवेअर मागे नेलं तरी तिथे राहते.

इन्शुरन्सचाही मुद्दा आहे. न कळवलेला रीमॅप क्लेमच्या वेळी सापडला तर वाद ओढवतो.

डीएसजी तेलाची नोंद नाही म्हणजे बदललेलं नाही, असंच गृहीत धरा. ६४,००० ला ते तसंही आलेलंच आहे. पण घेतल्यावर ते कुणाकडून करून घेताय ते बघा, कारण इथे चुकीच्या पातळीने वाट लागते. एकूण तेल सात लिटरच्या आसपास असतं, पण सोडल्यावर साधारण पाच-साडेपाचच बाहेर येतं, बाकीचं आत राहतं. गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली हवी. बोल्ट काढला की आत प्लास्टिकची नळी असते, पातळी तीच ठरवते. आधी तीही काढायची, तेव्हा खरं तेल उतरतं. मग नळी परत बसवून खालूनच अडॅप्टरने तेल भरायचं, वरचा फिल्टर बदलायचा, इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद धरायचा. स्कॅनरवर तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांत आलं की, इंजिन चालू असतानाच, नळीतून थेंब-थेंब पडेपर्यंत जादाचं उतरू द्यायचं आणि बोल्ट लावायचा. जो मेकॅनिक “जेवढं निघालं तेवढं ओततो, काय फरक पडतो” म्हणेल, त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि तेल जी ०५२ १८२ ह्याच मानकाचं, साधं एटीएफ नाही.

फॉर्म_तीस

ब) बद्दल मी बोलतो. स्वस्त का दिसतेय ते आधी समजून घ्या.

दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा लावली गेली होती, त्यामुळे तिथे गाड्यांचे भाव लवकर उतरत आलेत. गाडी वाईटच असते असं नाही. पण ती इथे आणल्यावर १२ महिन्यांच्या आत महाराष्ट्रात नोंदवावी लागते आणि आपला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. इथे खासगी पेट्रोल गाडीला किमतीच्या टप्प्याप्रमाणे ११, १२, १३ टक्के लागतात, २० लाखांच्या वरच्या गाडीला १३. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी रक्कम लाखाच्या पुढेच जाते. तिकडच्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ते पैसे हिशेबात धरू नका. आले तर दिवाळी. हा आकडा आरटीओकडून काढून घ्या आणि तो किमतीत मिळवून मगच पुण्याच्या गाडीशी तुलना करा. बहुतेक वेळा फरक उरतो तो हौसेपुरता.

“एनओसी आम्ही काढून देतो” हे तोंडी नको. फॉर्म २८ (आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत) हातात येईपर्यंत टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नका. एनओसीबरोबर चोरीच्या नोंदीची तपासणीही व्हावी लागते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहनवर स्वतः बघा. असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा), दोन्ही हवेत. बोजा उतरलेला आरसीवर दिसला पाहिजे. कर्ज फिटलं असं मालकाने सांगून उपयोग नाही.

अ) साठी काम सोपं: फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे), पीयूसी, चालू इन्शुरन्स, ओळखपत्रं. गाडी २०१८ ची असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागलीय का बघा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नंतर बसवून घ्यावी लागते आणि ती नसेल तर ट्रान्सफर अडतं. थकलेली चलानं महाट्रॅफिकवर तपासा. आरएसच्या मालकांची चलानं वाचण्यासारखी असतात.

इन्शुरन्स. ट्रान्सफरनंतर १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाचा तुम्हाला मिळत नाही, तुमच्या आधीच्या गाडीचा असेल तर तो लावता येतो. झिरो डेप (घसारा न कापता क्लेम देणारं कव्हर) पाच वर्षांपुढच्या गाडीला द्यायला बऱ्याच कंपन्या हात आखडता घेतात, म्हणून आरएसचं कोटेशन व्यवहार ठरण्याआधीच मागवा. इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर मिळणारं कव्हर) मात्र दोन्ही गाड्यांना घ्याच. पुण्यात जूनमध्ये अंडरपासखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मागची_चाकं

मित्राच्या ३३०आय बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. २०१९ नंतरची (जी२०) २५८ पीएस, ४०० एनएमची, आणि तिचा आठ गिअरचा झेडएफ ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा. ट्रॅफिकमध्ये वरच्या कुठल्याही डीएसजीपेक्षा मऊ. त्या बाबतीत मित्राचं बरोबर आहे. कंपनी त्याचं तेल आयुष्यभराचं म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला बदला म्हणते. झेडएफचं ऐका.

अडचण वेगळी आहे. २० लाखांत ती बसली तर एक तर फार फिरलेली असेल, नाहीतर काहीतरी लपलेलं असेल. त्याआधीची ३२८आय स्वस्त दिसेल, पण तिच्या एन२० इंजिनात टायमिंग चेनच्या प्लास्टिक गाइडचा प्रश्न आहे, ते तुकडे संपमध्ये (तळच्या तेलाच्या टाकीत) जातात. शिवाय रन-फ्लॅट टायर. साइडवॉल कडक, खड्ड्यात फुगा आला की टायर टाकूनच द्यायचा. ट्रान्समिशन टनेलमुळे मागे मधे बसणाऱ्याचे हाल. तुमच्या घरात तो मधला म्हणजे मुलगा. सात वर्षांचा आहे तोवर तक्रार करणार नाही, पण वाढतं वय आहे.

पाना_तेरा

आता राहिलेले दोन प्रश्न, उतार आणि राखीव पैसे.

उताराचं उत्तर कागदावर मिळत नाही. विकणाऱ्याला गाडी तुमच्या सोसायटीत आणायला सांगा आणि चौघं बसवून तळघरात उतरवा-चढवा. रिकामी गाडी न घासता जाते आणि चौघांना घेऊन घासते, हे सर्रास. आरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खाली आहे आणि पुढच्या बंपरची खालची कडा आधी लागते. उतार जिथे सपाटीला मिळतो तिथे गाडी तिरकी घातली तर बरंच वाचतं, पण तळघरात तेवढी रुंदी हवी. पुढच्या बंपरच्या खालून बोट फिरवून बघा, आधीच्या मालकाकडे किती घासलीय ते तिथेच कळतं. इंजिनाखालच्या ट्रेचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का तेही बघा. घासून सैल झालेला ट्रे हायवेवर फडफडतो, मग कुणीतरी तो काढूनच टाकतो आणि पावसाळ्यात सगळा चिखल वर जातो.

त्याच फेरीत आईंना मागे बसवा आणि उतरवा. बसणं सोपं असतं, उठणं अवघड. सीटच्या उंचीत दोन्ही ऑक्टाव्हियांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक नाही, सेडान ती सेडानच. पण आरएसच्या पुढच्या सीटच्या कडा उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या ओलांडणं जड जातं. आई पुढे बसणार असतील तर आरएसवर तिथेच काट मारा. डिकीची चिंता दोघींतही नाही. जुन्यात ५९० लिटर, नव्यात ६००, आणि काचेसकट उघडते, त्यामुळे मोठं सामान आडवं-तिडवं करावं लागत नाही.

टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांचा टायर एवढ्या ताकदीच्या गाडीवर ठेवू नका. आरएस २३० ला २२५/४५ आर१७ लागतात. चांगल्या कंपनीचे चार, अलाइनमेंटसकट, ५०-६० हजारांच्या घरात धरा. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, मेकॅनिककडून कॅलिपर लावून मोजून घ्या. नुसता हात फिरवून “ब्रेक चांगले आहेत” असं म्हणू देऊ नका.

पेट्रोल. दोन्ही गाड्या एप्रिल २०२३ च्या आधीच्या आहेत, म्हणजे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालणारे सुटे भाग बंधनकारक होण्यापूर्वीच्या. फ्युएल फ्लॅपच्या आत स्टिकर असतो, त्यावर ऑक्टेन आणि इथेनॉलचं किती चालेल ते छापलेलं असतं, तेच प्रमाण माना. कमी ऑक्टेनवर इंजिन स्वतः टायमिंग मागे घेतं, म्हणजे स्टॉक गाडीची फक्त ताकद थोडी उतरते. रीमॅपवाल्या गाडीत ती सवलत कमी असते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणं) तिथे सुरू होतं. आणि अर्धी टाकी महिना-महिना तशीच ठेवू नका, इथेनॉल ओल धरतं.

राखीव म्हणून आरएस घेतली तर दोन लाख बाजूला, २.० घेतली तर एक-सव्वा. म्हणजे आरएस १७ च्या पुढे ओढू नका, बाकीचं ट्रान्सफर आणि इन्शुरन्स खातं. आरएस घेतल्यावर कामाचा क्रम असा ठेवा: आठवडाभरात इंजिन तेल, फिल्टर आणि डीएसजीचं तेल-फिल्टर. प्लगची नोंद नसेल तर चारही. थर्मोस्टॅट-पंप गळत असेल तर लगेच, नसेल तर महिनाभर रोज सकाळी टाकीतली पातळी बघायची. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही. आवाज, दिवे, स्पॉयलर ही हौस पहिल्या पावसाळ्यानंतर.

अ) ची गाडी सोडावी असं अजून वाटत नाही. पण कोल्ड_स्टार्ट ह्यांनी सांगितलेली चौथ्या गिअरची चाचणी आधी करा. तेल बदलण्याआधी करा, नंतर नाही. क्लच घसरला तर भाव करायलाही थांबू नका. ब) साठी आधी टॅक्सचा आकडा आणा, मग इथे टाका.

बाणेर_बायपास

रविवारी सकाळी सात वाजता आरएस बघायला जातोय, गार इंजिनाचं सांगून ठेवलंय. स्कॅनरवाला बरोबर आहे. आईही येतेय. स्कॅनचा रिपोर्ट इथेच टाकतो. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या ३५-४५ अंशांच्या पद्धतीने डीएसजी तेल बदलणारं गॅरेज कुणाला माहीत असेल तर व्यनि करा.